औषधातला घ

समज, तुला एका मोठ्या घराच्या दाराशी राखणीला बसवलंय. घरात माणसं पुष्कळ आणि त्यांना दिवसभर चिठ्ठ्या येतात. तुझ्या हातात एक यादी दिली आहे. तिच्यात शब्द आहेत: मोफत, बक्षीस, खात्रीशीर, औषध. अनोळखी माणसाच्या चिठ्ठीत हे शब्द दिसले की ती आत सोडायची नाही, कोपऱ्यातल्या डब्यात टाकायची. तुझं काम चोख आहे. एकेक अक्षर यादीशी ताडून पाहिल्याशिवाय तू कुणाला हलू देत नाहीस. एकच उणीव आहे. तुला अक्षरं कळतात, अर्थ कळत नाही.

आता एक चिठ्ठी येते. तिच्यात लिहिलंय, ‘औषघ’. घाई करू नकोस, नीट बघ. शेवटी ध नाही, घ आहे. तुझं बोट यादीवरून फिरतं. औषध आहे, औषघ नाही. म्हणजे हरकत नाही. चिठ्ठी आत जाते. आतला मोठा माणूस ती उघडतो, आणि त्याला काय दिसतं? औषध. कारण मोठी माणसं अक्षरं वाचत नाहीत. रस्त्यात ओळखीचं कुणी दिसावं आणि मान हलवून पुढे जावं, तशी ती शब्दावरून पुढे जातात.

ईमेलच्या दाराशी असाच एक राखणदार बसलेला असतो. माणूस नव्हे, यंत्र. नको ते गाळतं म्हणून त्याला चाळणी म्हणतात. पण ही गोष्ट चाळणीची नाही. तो घ तिथे कुणी बसवला, त्याची आहे. तो मी बसवला.

मी चाळीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासली. पुस्तक छापायच्या आधी त्याचे कच्चे कागद माझ्या टेबलावर यायचे आणि मी लाल पेन्सिलीनं चुका दाखवायचो. या कामाची गंमत अशी, की ते नीट झालं तर ते कुणी केलं हे कुणाला कळतही नाही. चूक राहिली, तर मात्र सगळा छापखाना विचारतो, तपासनीस झोपला होता काय? चाळीस वर्षांत मालकांनी मला एकदाच शाबास म्हटलं, आणि तेही माझ्यामागे उभ्या असलेल्या बाइंडरला म्हणायचं होतं.

मग छापखाना बंद पडला. लाल पेन्सिली उरल्या, कागद संपले. मी घरी बसून औषधांच्या खोक्यांवरच्या आणि दुकानांच्या पाट्यांवरच्या चुका काढू लागलो. शेजारच्या दुकानदारानं मला एकदा हात जोडून सांगितलं, “आजोबा, पाटी रंगवून झाली आहे. आता माझा पिच्छा सोडा.”

अशात एक तरुण माणूस मला शोधत आला. तो एका कार्यालयाचा मॅनेजर होता. कार्यालय टायरच्या दुकानावर होतं, जिन्यात रबराचा वास, आत आठ संगणक आणि दिवसाही ओढून घेतलेले पडदे. त्यानं एक पडदा माझ्याकडे वळवला, खिडकीचा नव्हे, संगणकाचा. त्यावर एक ईमेल होतं. ‘औ.ष.ध’, ‘मो*फ*त’, ‘खा-त्री-शी-र’.

“काय वाटतं, सर?” त्यानं विचारलं. मला आयुष्यात कुणी सर म्हटलं नव्हतं.

“शब्दांना गोवर झालाय,” मी म्हणालो.

तो हसला. “तेच तर. असं तोडल्याशिवाय चाळणी आत सोडत नाही, आणि असं तोडलं की वाचणारा फेकून देतो. ह्या चुका ओरडतात, सर. मला न ओरडणाऱ्या चुका हव्यात.”

न ओरडणाऱ्या चुका. जगात त्या माझ्याइतक्या कुणाला ठाऊक असतील? आयुष्यभर मी त्यांच्याच मागावर होतो. पहिल्या अक्षराला हात लावायचा नाही, तिथे डोळा थांबतो. चूक शब्दाच्या पोटात नाहीतर शेपटीत घालायची. ओळीच्या शेवटचा शब्द पुढच्या ओळीच्या आरंभी पुन्हा आला, तर डोळा त्यातला एक गिळतो. आणि सगळ्यांत पक्क्या म्हणजे जुळ्या भावंडांच्या जोड्या. भ आणि म. थ आणि य. ध आणि घ.

पहिल्याच दिवशी मी औषधाचं औषघ केलं, मोफतचं मोकत केलं. संध्याकाळी मॅनेजर खुर्चीवरून उठला आणि त्यानं टाळ्या वाजवल्या. “एकही अडकलं नाही. सर, तुम्ही जादूगार आहात.” बाकीच्या सात जणांनीही वाजवल्या. मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो. चाळीस वर्षं चुका काढून जे मिळालं नाही, ते एक चूक घालून मिळालं.

त्या पत्रांतून डोळ्यांचं एक औषध विकलं जायचं. त्याच्या बाटलीत काय आहे, हे मी एकदा विचारलं होतं. खोटं कशाला बोलू, एकदाच. मॅनेजर म्हणाला, “ते बाटलीवाल्यांचं काम. आपण पोस्टमन.” आणि पोस्टमननं पाकीट उघडून वाचायचं नसतं, हे मला सोयीचं वाटलं. त्या पत्रात एक वाक्य होतं: ‘हे औषघ सुरू असताना डोळ्यांत घालायचे बाकीचे सर्व थेंब बंद ठेवावेत.’ त्या वाक्यातला घ मीच बसवला. बसवला आणि पुढच्या ओळीवर गेलो. मी अक्षरं वाचली. वाक्य वाचलं नाही.

माझी मोठी बहीण, आमची आक्का, माझ्या खोलीपासून दोन दारं सोडून राहायची. सोबत मुलगा, सून आणि सात वर्षांची नात. आक्कानं उभं आयुष्य शिवणकाम केलं. वयाच्या शहात्तराव्या वर्षीही ती शर्टाची काजं हातानं करायची, आणि सुईत दोरा स्वतः ओवायची. कुणी मदतीला हात पुढे केला की म्हणायची, “ज्या दिवशी दोरा दुसऱ्यानं ओवला, त्या दिवशी मशीन विका.” तिला काचबिंदू होता. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ घालायचे थेंब दिले होते आणि स्पष्ट सांगितलं होतं, “यानं नजर वाढणार नाही. आहे ती टिकेल. पण एक दिवसही चुकवायचं नाही.” आक्का चुकवत नसे. फक्त कुरकुर करायची. “टिकेल म्हणे. माणसाला वाढेल असं काहीतरी सांगावं की नाही?”

नातीचं खरं नाव शाळेच्या हजेरीत होतं. घरात तिला शंकी म्हणत, कारण तिला प्रत्येक गोष्टीवर शंका. “जेवण झालं” म्हटलं की “कुणाचं?” “उजाडलं” म्हटलं की “पलीकडच्या बाजूला पण?” शाळेतून तिच्या वहीत शेरा आला होता, वाचनाचा वेग कमी. तिची आई मला म्हणाली, “मामा, तुम्ही एवढी पुस्तकं पालथी घातलीत. हिच्या वाचनाला जरा गती द्या.”

मला मुलांना शिकवायला फार आवडतं. तेव्हाही आवडायचं. रोज शाळा सुटली की शंकी माझ्याकडे यायची, टेबलाशी खुर्चीवर उशी ठेवून बसायची आणि एकेका अक्षराखाली बोट ठेवून वाचायची. सुरुवातीला तिची ध आणि घ मध्ये गफलत व्हायची. घोडा लिहायला सांगितला की धोडा लिहायची. मी तिला युक्ती सांगितली. “घ घराचा, म्हणून त्याच्या डोक्यावर अख्खं छप्पर. ध धाग्याचा, म्हणून त्याला गाठ आणि छप्पर तुटकं.” तिनं ते आजीला जाऊन सांगितलं, आणि आक्कानं दोऱ्याला गाठ मारून दाखवली. त्यानंतर शंकी क्वचितच चुकली.

पण वेग काही वाढेना. मग मी पत्त्याएवढे कागद कापले. एकेकावर एक शब्द. एक टाळी वाजेपर्यंत दाखवायचा आणि लपवायचा.

“काय होतं?”

“घर होतं की धर होतं?”

“अगं, घर. अख्खा शब्द बघायचा. बोट उचल.”

“पण गाठ होती की नाही ते बघायच्या आत तुम्ही लपवलंत.”

“गाठ कशाला बघतेस? वाक्य बघ. मुलगा खेळून आला आणि कुठे गेला? घरीच जाणार ना?”

“आणि त्याला कुणी म्हटलं असेल की दोरी धर, तर?”

“शंके, गोष्टीत दोरी नाहीये.”

“तुम्ही गोष्ट कुठे दाखवलीत? एकच शब्द दाखवलात.”

आता मला तिचं म्हणणं पटतं. तेव्हा मी कपाळाला हात लावला.

एके दिवशी ती आली ती दप्तर न घेताच. हातात काही नव्हतं. दारातूनच तिनं विचारलं, “मामाआजोबा, औषघ असा शब्द असतो का?”

मी नव्या यादीवर काम करत होतो. टेबलावर माझी नोंदवही उघडी होती, त्या कार्यालयासाठी केलेली, चाळीसेक शब्दांची. एका बाजूला खरा शब्द, दुसऱ्या बाजूला माझा. मी ती पालथी घातली आणि म्हणालो, “नसतो. औषध असतो. पुन्हा ध-घ चा घोळ घातलास?”

“नाही घातला. छप्पर अख्खं आहे.”

“कुठे?”

“आजीच्या मोबाइलमध्ये. आजी म्हणते मला मोठ्यानं वाचून दाखव. मी औषघ वाचलं तर आजी म्हणाली औषध असेल, मामाआजोबांना विचारून ये.”

आजीच्या मोबाइलमध्ये. हे शब्द माझ्या कानांवर पडले. मी ते वाक्यही वाचलं नाही, असंच म्हणायला हवं. माझ्या डोळ्यांसमोर एक मुलगी होती, जिचा वेग कमी होता आणि जी पूर्वी घोड्याला धोडा लिहायची. मला वाटलं, मागचं दुखणं उलटलं.

“हे बघ,” मी शांतपणे म्हणालो, कारण मुलांवर ओरडू नये एवढं मला कळतं. “मोबाइलवर अक्षरं बारीक असतात. आपल्याला गाठ दिसत नाही. अशा वेळी आपण अर्थावर जायचं. औषधच आहे ते. बरोबर आहे. ये, बैस, दहा वेळा लिही, म्हणजे डोक्यात बसेल.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग खुर्चीवर उशी ठेवली, बसली आणि दहा वेळा औषध लिहिलं. दहाही वेळा गाठ नीट काढली. मी खाली लाल पेन्सिलीनं बरोबरची खूण केली, आणि ती घरी गेली.

तिनं घरी जाऊन काय सांगितलं, ते मला चार महिन्यांनी कळलं.

त्या चार महिन्यांत आक्काचं काहीतरी बिनसत होतं. काजं वाकडी येऊ लागली. ती म्हणाली, दोराच हलका आलाय. डाव्या हाताशी ठेवलेला कप तिनं दोनदा पाडला. म्हणाली, कप कुणी सरकवला? तिच्या मुलानं चिडवलं, “आई, घरातल्या वस्तू तुझ्याशी लपाछपी खेळतात वाटतं.” ती हसली. मग एका सकाळी मी गेलो, तेव्हा आक्का खिडकीपाशी बसली होती आणि शंकी तिच्या पुढ्यात उभी राहून सुईत दोरा ओवत होती.

  त्याच दिवशी मी तिला डॉक्टरांकडे नेलं. शाळेला सुट्टी होती, म्हणून शंकीही आली.

डॉक्टर बराच वेळ यंत्रातून पाहत राहिले. मग खुर्ची मागे सरकवून त्यांनी विचारलं, “थेंब घालताय ना?”

“घालते की.”

“कोणते?”

आक्कानं पिशवीतून बाटली काढली. हिरव्या झाकणाची. डॉक्टरांनी ती उजेडात धरली, फिरवली आणि टेबलावर ठेवून दिली. “आणि मी दिलेले?”

“ते बंद केले. मोबाइलवरच्या ज्या पत्रावरून ही मागवली, त्यात तसं लिहिलं होतं. हे घालताना बाकीचे बंद ठेवा म्हणून.” तिचा आवाज एकाएकी लहान मुलासारखा झाला. “यात नजर परत येते असं होतं, डॉक्टर. तुम्ही म्हणायचात टिकेल. मला वाटलं, आधी परत येऊ दे, मग तुम्हाला दाखवीन.”

डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, “डाव्या डोळ्याचं गेलं ते गेलं. ती शीर वाळली. उजव्याचं थोडं शिल्लक आहे. ते राखायचं आहे.” मग त्यांनी विचारलं, “घरात कुणाला विचारलं नाहीत का?”

“विचारलं ना,” आक्का म्हणाली आणि माझ्याकडे, म्हणजे मी जिथे असेन असं तिला वाटलं तिकडे, तिनं हात केला. “ह्यालाच विचारलं. हा शिकलेला. शंकीला पाठवलं होतं. ती सांगत आली, मामाआजोबा म्हणाले, औषधच आहे ते, बरोबर आहे.”

मी मोबाइल मागून घेतला. पत्र उघडलं. मला वाचावं लागलं नाही. स्वतःच्या हातानं घातलेला टाका जसा शिवणारणीला लांबून ओळखू येतो, तसं ते मला ओळखू आलं. दुसऱ्या परिच्छेदाची तिसरी ओळ. औषघ. अख्खं छप्पर.

शंकी माझ्या कोपराशी येऊन उभी राहिली. तिनं मोबाइलवर बोट ठेवलं. “तेव्हापण घ च होता ना?”

“हो,” मी म्हणालो.

बाहेर व्हरांड्यात एक लांब बाक होता. तिथे बसून मी आक्काला सगळं सांगितलं. टायरचं दुकान, पडदे, टाळ्या, नोंदवही. मी एका दमात बोललो, थांबलो असतो तर पुन्हा सुरू झालो नसतो. शंकी आमच्या दोघांच्या मध्ये बसली होती आणि पाय हलवत होती. मग पाय हलायचे थांबले.

 आक्का म्हणाली, “बाळ्या.” मी एकाहत्तर वर्षांचा आहे, पण तिच्या तोंडी अजून बाळ्याच. “चाळीस वर्षं लोकांच्या चुका वेचल्यास. घालायची होती एक, तर ती माझ्या डोळ्यात घातलीस.”

“आक्का, मला खरंच माहीत नव्हतं की...”

“माहीत नव्हतं हे मला माहीत आहे. माहीत करून घेतलं नाहीस, त्याचं काय?” तिनं पदर सारखा केला. “आणि शहाणपण एवढं, की पोरीनं हातात आणून दिलं तरी दिसलं नाही. माझा डोळा जायच्या आधी तुझा गेला होता.”

दुसऱ्या दिवशी मी त्या कार्यालयात गेलो. मॅनेजरनं खुर्ची पुढे केली. मी उभाच राहिलो आणि ते पत्र थांबवायला सांगितलं.

“ते कधीच थांबलं, सर,” तो म्हणाला. “चाळणीला तुमचा घ महिन्याभरात कळला. आता औषघ दिसलं की डब्यात. मी तुम्हाला तेच विचारणार होतो, पुढचं अक्षर कोणतं?”

“आणि आधी गेलेली पत्रं?”

“गेली ती गेली.”

“ज्यांना ती गेली, त्यांना कळवा की हे खोटं आहे.”

त्यानं माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं. “छापलेलं पुस्तक तुम्ही कधी परत बोलावलं होतं का?”

“नाही. पण आम्ही शुद्धिपत्र चिकटवायचो,” मी म्हणालो. “शेवटच्या पानावर. अमुक पानावर अमुक छापलंय, ते तमुक वाचावं.”

“मग तुम्ही चिकटवा,” तो म्हणाला. “शेवटचं पान सापडलं की.” बाकीच्या सात जणांतला एक जण हसला. बाकीच्यांनी मान वर केली नाही.

घरी येऊन मी एक पत्र लिहिलं. ज्या कंपनीकडे चाळणी होती, तिच्या ईमेलच्या पत्त्यावर. त्यात नोंदवहीतले सगळे शब्द उतरवले, खरा एकीकडे, माझा दुसरीकडे. वर लिहिलं, शुद्धिपत्र. त्याचं उत्तर आलं नाही. कुणी वाचलं की नाही, मला ठाऊक नाही. कदाचित तेच पत्र चाळणीत अडकलं असेल. त्यात बिघडलेले शब्द पुष्कळ होते.

राहिली शंकी. ती आठवडाभर माझ्याकडे आली नाही. आली तेव्हा खुर्चीवर उशी न ठेवता नुसतीच टेबलाशी उभी राहिली. मी तिची वही काढली. दहा वेळा औषध, आणि खाली माझी लाल खूण. मी त्या खुणेवर आडवी रेघ मारली.

“तू बरोबर होतीस,” मी म्हणालो. “मी चुकलो.”

“मला माहितीये,” ती म्हणाली. मग थोडा विचार करून तिनं विचारलं, “मग मला दहा वेळा का लिहायला लावलंत?”

  मी म्हणालो, “कारण मला वाटलं, तुला दिसत नाही.”

“मला दिसत होतं. मी हळू बघते, पण दिसतं.”

“हो.”

“आणि तुम्हाला लवकर दिसतं.”

“हो,” मी म्हणालो. “लवकर दिसतं.”

तिनं वही मिटली. पत्त्याएवढ्या कागदांचा तो गठ्ठा मी तिच्यासमोरच रद्दीत टाकला. जाताना ती त्यातला एक कागद परत काढून घेऊन गेली. नंतर पाहिलं तर तो आक्काच्या सुयांच्या डबीवर चिकटवलेला होता. त्यावर ‘धर’ होतं.

आता आक्काच्या उजव्या डोळ्यावर सगळा भार आहे. डॉक्टरांनी पुन्हा तेच थेंब दिले आणि सोबत ठळक अक्षरांत छापलेली चिठ्ठी: कोणतं औषध, किती थेंब, कधी, आणि खाली, कोणत्याही कारणानं बंद करू नये. सकाळी सून थेंब घालते. संध्याकाळी ती कामावरून यायची असते, म्हणून तो वेळ माझा आणि शंकीचा. शिवणयंत्र विकलेलं नाही. आक्का म्हणते, विकायचं ठरलं होतं खरं, पण दोरा शंकीनं ओवला, आणि शंकी काही दुसरी नव्हे. काजं मात्र ती आता करत नाही. बटणं बोटांनी चाचपून लावते आणि मला रंग विचारते. मी पांढरं म्हटलं की शंकीला विचारते, “खरंच पांढरं आहे का गं?” हे चिडवणं आहे की नाही, हे मला आवाजावरून ओळखता येत नाही, आणि मी विचारतही नाही.

काल संध्याकाळचं सांगतो. आक्का खुर्चीत मान मागे टाकून बसली होती. उजवा डोळा छताकडे लागलेला. मी नवी बाटली खोक्यातून काढली. त्याच दिवशी औषधांच्या दुकानातून आणली होती. मी तिच्यावरचं नाव पाहिलं, शेजारी ठेवलेल्या चिठ्ठीवरचं पाहिलं. दोन्ही एकच. मी झाकण सैल केलं आणि बाटली शंकीच्या हातात दिली, कारण थेंब तीच घालते.

“बरोबर आहे,” मी म्हणालो. “घाल.”

“थांबा,” शंकी म्हणाली.

“अगं, मी बघितलं. बरोबर आहे.”

“घाल की गं पोरी,” आक्का म्हणाली. “मान अवघडली.”

शंकीनं झाकण पुन्हा घट्ट लावलं. चिठ्ठी ओढून मांडीवर घेतली, बाटली तिच्याशेजारी आडवी धरली, पहिल्या अक्षराखाली बोट ठेवलं आणि मोठ्यानं, सुरुवातीपासून, वाचायला लागली.